गोळी, शिस्त आणि मकतबची छडी

मूल वांड आहे. आईने लाडावून ठेवलं आहे. कुणाची तरी नजर लागली आहे. मोबाईलने डोकं बिघडवलं आहे. एडीएचडी असलेल्या मुलाची ही चार निदानं आपल्या मोहल्ल्यात डॉक्टरकडे जाण्याआधीच झालेली असतात. पाचवं, खरं निदान हाती येतं तेव्हा घरात नवा वाद सुरू होतो: गोळी द्यायची की शिस्त लावायची? माझ्या नऊ वर्षांच्या मुलावर दोन वर्षांपासून उपचार सुरू आहेत. माझ्या मते हा वादच निरर्थक आहे. दोन्ही लागतं. आणि घर, शाळा व मकतब यांपैकी एकानेही साथ सोडली तर दोन्ही वाया जाऊ शकतं.

लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं या क्षमता अशा मुलांमध्ये वयाच्या मानाने मागे राहतात. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे कळत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झाली का, सहा महिने तरी टिकली का, घर आणि शाळा दोन्हीकडे दिसतात का, हे पालक-शिक्षकांना विचारून तज्ज्ञ ठरवतात. मुलींमध्ये पुष्कळदा धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त असतं. ‘गरीब आहे, पण डोकं चालत नाही’ असा शिक्का बसतो आणि त्यांचं निदान राहून जातं.

यासाठी सर्वाधिक दिलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो, दीर्घकाळ चालणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास. भूक मंदावते, कधी झोप उशिरा लागते, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब नियमित पाहावा लागतो. आमच्याकडे गोळीआधी भरपेट नाश्ता आणि रात्री असर ओसरल्यावर पोटभर जेवण, असा नेम आहे. डोस किती, काय जमलं, काय बिघडलं, हे रोज दोन ओळींत वहीत लिहितो. डॉक्टरांना ‘बरा आहे’ यापेक्षा त्या वहीचा जास्त उपयोग होतो.

‘ही तर नशेची गोळी’ असं नातेवाईक म्हणतात. या औषधाचा गैरवापर होऊ शकतो हे खरं आहे. म्हणूनच ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे: चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत मेडिकलवाला ठेवून घेतो आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. पण डॉक्टरांनी ठरवलेला डोस मोठ्यांनी आपल्या हाताने देणं आणि नशा करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मात्र गोळी मुलाला काहीही शिकवत नाही. ती फक्त शिकण्याजोगे काही तास मिळवून देते. त्या तासांत काय करायचं, ते आपल्या हातात असतं. एका वेळी एकच सूचना द्यावी. काम लहान तुकड्यांत द्यावं. शाबासकी लगेच द्यावी. ‘वर्षभर नीट वाग, ईदला सायकल घेऊन देतो’ हे या मुलाच्या कामाचं नाही, ईद फार लांब असते. आज दहा मिनिटं बसला तर आजच बक्षीस. सहा वर्षांखालच्या मुलांत तर औषधाआधी पालकांनाच हे प्रशिक्षण देण्याची शिफारस आहे.

आता मकतब. सकाळी घेतलेल्या गोळीचा असर शाळा सुटेपर्यंत ओसरत आलेला असतो. मूल थकलेलं, भुकेलेलं. अशा वेळी, अस्रनंतर, आपण त्याला तासभर मांडी घालून सबक पाठ करायला बसवतो. ‘शाळेत नीट वागतो, इथेच मस्ती करतो’ ही उस्तादांची तक्रार खरी असते. तिचं कारण घड्याळात असतं, मुलाच्या नियतीत नसतं. उत्तर मात्र अनेकदा छडीने मिळतं.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं यांवर बंदी घातली. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. म्हणून छडी रोखण्याची जबाबदारी आपल्यावर येते. धार्मिक शिक्षण आपल्या पद्धतीने देण्याचा हक्क आपण मागतो, तर तिथे बसलेल्या मुलाच्या पाठीची हमीही आपणच द्यायला हवी.

‘दुआ करा, औषधं कशाला?’ असंही ऐकायला मिळतं. दुआ आम्हीही करतो. पण इलाज करण्याला आपल्या दीनने कधी मनाई केली नाही. कैरोमध्ये १२८४ साली सुलतान कलावूनने उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. नाबालिग मुलावर रोजा फर्ज नाही आणि आजाऱ्याला सवलत आहे. बालिग झालेल्या मुलाला रोजे ठेवायचे असतील तर गोळीची वेळ रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावी, परस्पर बंद करू नये.

खर्चाची अडचण खरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे. तो सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. ही माहिती मशिदीच्या नोटीस बोर्डावर लागायला काय हरकत आहे?

आपल्यापैकी बरेच जण शिकलेले आहेत, काही जण मशिदीच्या कमिटीतही आहेत. जुम्यानंतर ट्रस्टींना भेटा आणि तीन गोष्टी मागा: मकतबमध्ये छडी बंद, अशा मुलासाठी वीस मिनिटांचा सबक आणि मध्ये उठायची मुभा, आणि वर्षातून एकदा उस्तादांची बालमानसोपचारतज्ज्ञांशी भेट. याला मोठा निधी लागत नाही. आणि पुढच्या वेळी लग्नात एखादं मूल खुर्च्यांवरून उड्या मारताना दिसलं, तर त्याच्या अम्मीला तरबियतवर उपदेश करू नका. ती बिचारी सकाळपासून त्याच्यामागे धावते आहे. तिला दोन घास शांतपणे खाऊ द्या, तेवढा वेळ मुलाला तुम्ही सांभाळा.