शब्दविचार : 'क्रॅश इन्टू'



इंग्रजी क्रियापदाच्या शेपटीला लागलेला एखादा लहानसा शब्द साऱ्या वाक्याचा अर्थ फिरवितो. 'क्रॅश इन्टू' हा त्यांपैकीच एक प्रयोग. मुलांच्या निबंधांत त्याची गफलत आम्हांस नेहमी आढळते, म्हणून आज त्याचा विचार करू.

'प्लेन क्रॅश्ड' म्हणजे विमान कोसळले. 'कार क्रॅश्ड इन्टू अ वॉल' म्हणजे मोटार भिंतीवर आदळली. 'इन्टू' आले की कोण आदळले आणि कशावर, ही दोन्ही सांगावी लागतात; आणि जो वेगात असतो तोच कर्ता होतो. दोन मोटारींची समोरासमोर टक्कर झाली, तर 'कोलाइड' हे क्रियापद योग्य. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थच एकमेकांवर आपटणे असा आहे. अपघाताची हकिकत लिहिताना हा भेद ध्यानी ठेवावा. 'आय क्रॅश्ड इन्टू हिज कार' असे लिहिणारा, आपलीच गाडी दुसऱ्यावर जाऊन आदळली, हे स्वहस्ते कबूल करीत असतो.

'रन इन्टू' याचे अर्थ दोन. 'ही रॅन इन्टू अ ट्री' म्हणजे तो झाडावर आदळला. परंतु 'आय रॅन इन्टू अंकल' म्हणजे काका वाटेत अवचित भेटले. असे पत्र आल्यास काकांच्या प्रकृतीची चिंता करू नये! हिब्रूतील 'नितकाल' हाही असाच दुहेरी : ठेचकाळणे आणि अवचित गाठ पडणे. 'रन ओव्हर' मात्र निराळा. त्यात गाडी अंगावरून जाते.

आता आपल्या घरची गोष्ट. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा. शाळेत मुलाला ती इंग्रजीत लिहावयाची झाल्यास 'द शिप क्रॅश्ड इन्टू द रॉक्स अँड ब्रोक अप' असे लिहावे. 'कोलायडेड' येथे शोभत नाही, कारण खडक जागचा हलला नव्हता. आपली मराठी हेच दोन शब्दांत सांगते : तारू फुटले.

नातवंडांना मराठी येत नसेल, तर ही कथा त्यांना येणाऱ्या भाषेत, परंतु नेमक्या शब्दांत सांगावी. आणि सांगताना 'तारू फुटले' हे शब्द एकदा तरी त्यांच्या कानी पडू द्यावेत. एवढाच यावेळचा गृहपाठ.