जहाज बुडालं तर बुडू द्या

लेकीच्या सातव्या वाढदिवसाला तिला लेगोचं एक छोटं चाच्यांचं जहाज मिळालं. वीतभर लांब, दोन डोलकाठ्या, पांढरी शिडं, कवटीचा काळा झेंडा, दोन तोफा आणि एक दाढीवाला कप्तान. शनिवारी सकाळी आम्ही दोघं पुस्तिका उघडून बसलो आणि जेवायच्या आत जहाज तयार झालं. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर जागा करू लागलो. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, टबात सोडूया?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नको गं, मोडेल. एवढ्या मेहनतीनं केलंय."

सहा महिन्यांसाठी भारतातून आमच्याकडे इंग्लंडला आलेले माझे वडील शेजारीच चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "अरे, पाण्यात सोडायचं नाही तर त्याला जहाज कशाला म्हणायचं? शोपीस म्हण."

मला ते लागलं. कारण घरात विज्ञानाच्या गप्पा मारणारा मीच, 'मुलांनी प्रयोग करायला हवेत' असं चारचौघांत सांगणारा मीच, आणि पोरीनं पहिला खरा प्रश्न विचारल्यावर 'नको' म्हणणाराही मीच.

टब भरला. जहाज पाण्यात ठेवलं आणि ते लगेच कुशीवर आडवं झालं. लेकीचं तोंड एवढंसं झालं. नाना म्हणाले, "रडायचं नंतर. आधी सांग, कुठल्या बाजूला पडलं? का पडलं असेल?"

पुढचा दीड तास कसा गेला कळलं नाही. वजन वाढवलं तर स्थिर होईल म्हणून लेकीनं आधी डेकवर नाणी ठेवली. जहाज आणखी झटकन उलटलं. मग तिनं डेकच्या पट्ट्या काढून तीच नाणी तळाशी ठेवली. इथलं दोन पेन्सचं नाणं ७.१२ ग्रॅमचं. अशी सहा नाणी म्हणजे जेमतेम ४३ ग्रॅम, पण जहाज ताठ उभं राहिलं! वजन तेच, जागा बदलली. मात्र ठोकळ्यांच्या फटींतून पाणी शिरत होतं, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत ते तसंच ताठ उभं असताना बुडालं. हे ठोकळे एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि ते पाण्यापेक्षा किंचित जड असतं. आतली हवा गेली की तरंगायला आधार उरत नाही. मग खालून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळली आणि जहाज अखेर तरंगलं.

यामागचं शास्त्र असं. जहाजाचं वजन त्याच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढतं, आणि बाजूला सारलेलं पाणी त्याला खालून वर ढकलतं. जहाज कलतं तेव्हा कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, म्हणून वर ढकलणाऱ्या बलाची जागाही त्या बाजूला सरकते. गुरुत्वमध्य पुरेसा खाली असेल तर ही जोडी जहाजाला परत सरळ करते. तो फार वर असेल तर तीच जोडी जहाजाला पार उलटवते. जुन्या शिडाच्या जहाजांच्या तळाशी दगड भरत ते याचसाठी. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यानं १७४६ मध्ये याचं नीट गणित मांडलं. त्याआधी जहाजं बांधली जात ती अनुभवाच्या आडाख्यांवर.

मग लेकीनं पुठ्ठ्यानं वारा घातला. जहाज पुन्हा आडवं! "खरी जहाजं वादळात टिकतात, मग हे एवढ्याशा वाऱ्यानं कसं पडतं?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर आकारात आहे. जहाजाची सगळी मापं निम्मी केली, तर शिडाचं क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतं आणि डोलकाठीची उंची निम्मी. म्हणजे तेवढ्याच वाऱ्याचा उलटवणारा जोर एक अष्टमांश उरतो. पण वजन एक अष्टमांश होतं आणि सरळ करणारं अंतरही निम्मं, म्हणून जहाजाला सावरणारा जोर उरतो फक्त एक षोडशांश. जहाज जितकं लहान, तितकं ते त्याच वाऱ्यापुढे दुबळं. तळ्यात सोडायच्या शिडाच्या मॉडेल बोटींना म्हणूनच खाली लांब पातं आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा असतो. हे काही खेळण्याच्या पुस्तिकेत नव्हतं. ते टबात होतं.

आता माझा मुद्दा. आपण परदेशातले मराठी पालक खेळणीही निकालासाठी विकत घेतो. खोक्यावर 'विज्ञान' किंवा 'अभियांत्रिकी' लिहिलेलं दिसलं की समाधान वाटतं. मूल पुस्तिकेप्रमाणे ठोकळे लावतं, फोटो निघतो, वस्तू फळीवर जाते. पुस्तिका वाचणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. सपाट चित्रावरून त्रिमितीय वस्तू डोळ्यांपुढे आणणं, खुंट्या मोजणं, चुकल्यावर चार पायऱ्या मागे जाणं, ही कौशल्यंच आहेत. पण ती सुरुवात आहे. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात असं गणितज्ञांनी मोजलं आहे. पुस्तिका त्यातला एकच रस्ता दाखवते.

आठवा, दिवाळीत किल्ला करताना आपल्याला कुणी पुस्तिका दिली होती? दगड-माती, पोत्याचे तुकडे, बुरूज ढासळला की पुन्हा लिंपायचा. आणि दिवाळी संपली की किल्ला मोडायचा. त्याचं दुःख वाटायचं, पण पुढच्या वर्षी बुरूज अधिक चांगला जमायचा.

मोडवत नाही, हेही खरं. २०१२ मध्ये नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी स्वतः जुळवलेल्या वस्तूंना जास्त किंमत देऊ केली. त्यातल्या एका प्रयोगात लेगोच होते, आणि जुळवून पुन्हा सुटे केलेल्या संचाबद्दल ती जास्तीची माया उरली नाही. म्हणजे 'मोडेल' ही माझी भीती अगदी मानवी होती. पण वस्तूवरची माया आणि समजून घेण्याची ओढ यांत एक निवडायची वेळ आली, तर आपण मुलांना काय शिकवतो?

स्वीडनच्या 'वासा' जहाजाची गोष्ट इथे आठवते. १६२८ साली ६४ तोफांचं हे भव्य युद्धजहाज तयार होत होतं. निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून पाहिलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलू लागलं की नौदलाच्या अधिकाऱ्यानं चाचणी थांबवली. राजाला जहाज लवकर हवं होतं. १० ऑगस्टला ते स्टॉकहोमच्या बंदरातून निघालं, सुमारे १,३०० मीटर गेलं, वाऱ्याच्या झोतानं कललं, खालच्या तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि ते बुडालं. तीसेक माणसं गेली. चाचणीनं आपलं काम चोख केलं होतं. तिचं उत्तर कुणाला ऐकायचं नव्हतं. आज ते जहाज स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभं आहे. फळीवर ठेवायला फार सुंदर आहे.

'नको, मोडेल' म्हणताना मीही तेच करत होतो. फरक इतकाच की टबात कुणाचा जीव जात नाही. म्हणून तर चूक करायची जागा टब ही आहे.

रात्री नानांनी नातीला सांगितलं की इंग्रज ज्यांना चाचा म्हणत ते कान्होजी आंग्रे आमच्या अलिबागच्या बाजूचे, मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. त्यांची गुरबं आणि गलबतं उथळ तळाची. जिथे इंग्रजांची मोठी जहाजं येऊ शकत नसत, त्या खाड्यांत ती सहज शिरत. तळाचा आकार कामानुसार ठरतो, हा धडा आरमाराच्या इतिहासातही आहे. लेकीनं विचारलं, "मग ते चाचे होते की नव्हते?" नाना म्हणाले, "ते तू कुणाला विचारतेस त्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच जहाज मोडलं. आता त्याच ठोकळ्यांचं एक बुटकं, रुंद, एकाच शिडाचं काहीतरी झालंय. ती त्याला गलबत म्हणते. दिसायला ओबडधोबड आहे, झेंड्यावर कवटी तशीच आहे. पण पुठ्ठ्याच्या वाऱ्यात ते उलटत नाही.

तुमच्या फळीवरही एखादं जहाज असेलच. या शनिवारी ते खाली काढा, टब भरा, खिशातली चिल्लर काढा. बुडालं तर बुडू द्या, आणि का बुडालं असेल ते मुलांना आधी सांगू द्या.