केळणेचा उतार

आज २३ सप्टेंबर. १८०३ साली याच दिवशी भोकरदनजवळच्या असईला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. माणसे आपली जास्त, तोफाही आपल्याच जास्त. मग हरलो कशाने, हे दरवर्षी सलते.

खरे तर त्या दिवशी वेलस्लीही फसला होता. २१ तारखेला बदनापुरात त्याचे आणि कर्नल स्टीव्हन्सनचे ठरले, दोघांनी दोन वाटांनी जायचे आणि २४ला मिळून हल्ला करायचा. शत्रू भोकरदनला आहे, ही हरकाऱ्यांची बातमी खोटी नव्हती. तळाचे एक टोक भोकरदनला होतेच. दुसरे पार असईपर्यंत आले होते. शब्द बरोबर, अर्थ चुकला. स्टीव्हन्सन लांब, आणि समोर सगळी फौज.

मधे केळणा नदी. इथे उतार नाही, असे वाटाडे ठामपणे सांगत होते. वेलस्लीने दुर्बीण लावली, तर अल्याड-पल्याड पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर दिसले. गावे अशी वसली आहेत म्हणजे येणेजाणे असणार, आणि येणेजाणे आहे तिथे उतार असणारच. उतार निघाला, आणि जवळपास मोकळाच निघाला. लढाईत वेलस्लीची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली, तरी संध्याकाळी मैदान त्याचे होते.

असा अंदाज पुढे दुसऱ्या एका लढाईतही कामी आला. १९४२ साली जपानी नौदलाच्या सांकेतिक संदेशांत ‘एएफ’ हे ठिकाण वारंवार येत होते. ते मिडवे बेटच का, हे पडताळण्यासाठी अमेरिकनांनी तिथले गोडे पाणी तुटल्याची खोटी बातमी उघड भाषेत बिनतारी यंत्रावरून सोडली. लवकरच जपानी संदेश पकडला गेला: ‘एएफ’वर पाण्याची टंचाई. जूनमध्ये जपानने तिथे चार विमानवाहू जहाजे गमावली. गाठ तिथेही पाण्यानेच सुटली.

आमचे दुःख वेगळे आहे. १६७९मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना शत्रूने गाठले, तेव्हा हेर बहिर्जी नाईकांनी आडवाटेने शिवाजी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. सव्वाशे वर्षांनी, त्याच मुलखात, शिंद्यांच्या कवायती पलटणी हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली होत्या. नदीकाठच्या माणसाला वाट विचारायची रीत तोवर मोडली असावी, असे आम्हाला वाटते.

असईला शाळांच्या सहली याव्यात. तोफांचे आकडे मुलांना नंतर सांगता येतील. आधी त्यांना केळणेच्या काठावर उभे करावे आणि विचारावे: पलीकडच्या गावात लेक दिली असेल, तर तिला भेटायला बाप कुठून जात असेल?