आम्ही की आपण? : चिखलातल्या प्रवासवर्णनांविषयी

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपल्या वर्गांतून ज्या रीतीने शिकवला जातो, तीत रस्त्याला फारसे स्थान नाही. निसर्गचित्रण, लेखकाचे व्यक्तिमत्त्व, लोकजीवनाचे दर्शन, शैली अशा ठरलेल्या खणांत उतारे बसवले जातात. ज्या वाटेने लेखक गेला ती वाट कुणी केली, कुणाच्या पैशाने आणि कुणासाठी, हे प्रश्न आपण इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या विभागाकडे पाठवून मोकळे होतो. या वाटणीत वाङ्मयाचेच काही हातचे जाते असे आमचे मत आहे. ते मांडण्यासाठी आम्ही एक दूरचे उदाहरण घेत आहोत : विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मोटारीने अमेरिका खंड ओलांडणाऱ्यांचे लेखन. या लेखनाला नायक असेल तर तो चिखल आहे.

१९०४ साली अमेरिकेच्या सरकारने ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली. वीस लाखांहून अधिक मैल रस्ते भरले, आणि त्यांतले खडी-मुरूम घालून काही ना काही सुधारलेले रस्ते जेमतेम ७ टक्के निघाले. उरलेली सगळी माती. त्याच्या आदल्याच वर्षी व्हर्माँटचे एक डॉक्टर, होरेशिओ नेल्सन जॅक्सन, यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात पन्नास डॉलरची पैज मारली आणि सूअल क्रॉकर या मेकॅनिकला सोबत घेऊन विंटन मोटारीने न्यूयॉर्क गाठले. ६३ दिवस लागले. पन्नासाच्या पैजेपायी हजारो डॉलर खर्च झाले. वाटेत त्यांनी एक कुत्रा घेतला, आणि धुळीसाठी त्यालाही चष्मा चढवला. लोकांच्या स्मरणात हा कुत्राच अधिक राहिला. गाडी ओढून काढायची कप्पी आणि दोर मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत.

चांगल्या रस्त्यांची मागणी मोटारवाल्यांनी सुरू केली असा समज आहे; तो खरा नाही. ती सायकलवाल्यांची. १८८० साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने १८९२ पासून 'गुड रोड्स' नावाचे मासिकच काढले, आणि १८९३ मध्ये केंद्र सरकारने दहा हजार डॉलरच्या तरतुदीवर रस्ते-चौकशीचे एक चिमुकले कार्यालय उघडले. या मागणीला पहिला विरोध झाला तो शेतकऱ्यांचा. वरवर पाहता हे विचित्र वाटेल, कारण पावसाळ्यात गाडाभर धान्य बाजारात नेताना सर्वांत जास्त हाल त्यांचेच होत. परंतु रस्ता राखण्याची जबाबदारी गावोगावी त्यांच्याच माथी होती. रस्त्याचा कर एक तर रोख द्यायचा, नाहीतर वर्षातले काही दिवस स्वतः राबून फेडायचा. आपल्याकडच्या 'वेठ' या शब्दाने त्याची थोडीफार कल्पना यावी. शहरातल्या हौशी सायकलस्वाराने, पुढे मोटारवाल्याने, रविवारी फिरायला यावे आणि त्यासाठी आम्ही खडी फोडावी, हे त्यांना मान्य नव्हते. या विरोधाला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणारे पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला तो अगदी रास्त वाटतो. १८९६ पासून टपाल खेड्यातल्या दारापर्यंत येऊ लागले, आणि रस्ता बरा असेल तिथेच ते येणार असे ठरले, तेव्हा हा विरोध पुष्कळसा निवळला. रस्त्यावरून शेतकऱ्याच्या दारीही काहीतरी येणार होते.

येथे मराठीचा एक गुण उपयोगी पडतो. इंग्रजीत 'वी' हे एकच सर्वनाम आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन आहेत. 'आम्ही' म्हणताच ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताच तो आत येतो. (हा लेखही 'आम्ही'तच चालला आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेलच.) चांगल्या रस्त्यांच्या चळवळीचे सगळे इंग्रजी लेखन, तिची भाषणे, पत्रके आणि प्रवासवर्णने, या एका 'वी'वर उभे आहे. ते मराठीत आणू पाहणाऱ्याला वाक्यागणिक थांबून ठरवावे लागते : हे आम्ही की आपण? मूळ लेखकाला हा निर्णय कधीच करावा लागला नाही.

एमिली पोस्ट यांचे १९१६ चे 'बाय मोटर टू द गोल्डन गेट' हे पुस्तक या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. शिष्टाचारावरच्या १९२२ च्या ग्रंथामुळे पुढे घरोघरी पोहोचलेल्या याच त्या बाई. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या प्रदर्शनाला त्या न्यूयॉर्कहून मोटारीने निघाल्या. गाडी मुलगा चालवीत होता. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाणारा 'लिंकन हायवे' दोन वर्षांपूर्वीच, १९१३ मध्ये, जाहीर झाला होता : ३,३८९ मैल, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत. पण महामार्ग हे तेव्हा मुख्यतः नाव होते. इलिनॉयमधल्या रोशेल गावी पाऊस लागला, आणि त्या भारदस्त नावाखालची काळी माती बाईंना दिसली. गाडी पुढे जाईना म्हणून मुक्काम पडला.

पुस्तकातली ही पाने जिवंत आहेत, आणि विनोदीही. परंतु रोशेलच्या पूर्वेला दहा-बारा मैलांवर माल्टा नावाचे गाव आहे, आणि तिथे १९१४ साली एक चमत्कारिक वस्तू तयार झाली होती : एक मैल काँक्रीटचा रस्ता. मागेपुढे माती, मध्ये एकच मैल गुळगुळीत. लिंकन हायवेच्या प्रवर्तकांनी अशा तुकड्यांना 'सीडलिंग माइल', म्हणजे रोपमैल, असे नाव दिले होते. सिमेंट कारखानदारांनी देणगीत दिलेले. चिखलातून धडपडत आलेल्या माणसाने तो एक मैल सुखाने जावे, मैल संपताच पुन्हा रुतावे, आणि घरी जाऊन बाकीच्या मैलांसाठी आरडाओरड करावी, अशी ही योजना. आम्हाला यात वाङ्मयीन बुद्धी दिसते. युक्तिवाद करण्याऐवजी विरोध शेजारी ठेवून दाखवणे, हे काम एरवी लेखक करतात. इथे ते सिमेंटने केले. (हेन्री फोर्ड यांनी या महामार्गाला वर्गणी नाकारली. रस्ते सरकारने बांधावेत, लोकांना दानाची सवय लागू नये, असे त्यांचे म्हणणे. गाड्या विकणाऱ्याचे हे म्हणणे सोयीचे होते, पण चूक नव्हते.)

पोस्टबाईंच्या चिखलात शेजारचा शेतकरी माणूस म्हणून फारसा येत नाही. तो येतो सिंक्लेअर लुईस यांच्या 'फ्री एअर' या १९१९ च्या कादंबरीत, आणि येतो तो खलनायक म्हणून. ब्रुकलिनची एक सुखवस्तू तरुणी वडिलांना घेऊन मिनेसोटातून सिअ‍ॅटलकडे मोटार हाकते आहे. आरंभीच गाडी रुतते. तो चिखलाचा खड्डा जवळच्या शेतकऱ्याने मुद्दाम राखलेला आहे; घोडे जोडून गाड्या बाहेर काढायचे तो पैसे घेतो. वाचक हसतो, आणि हसता हसता मोटारीत बसलेल्यांच्या 'आम्ही'त सामील होतो. पुढे नोबेल मिळवणाऱ्या आणि मध्यमवर्गाची एवढी टिंगल करणाऱ्या या लेखकालाही शेतकऱ्याच्या बाजूने तो खड्डा पाहावासा वाटला नाही. वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना हा प्रसंग त्या शेतकऱ्याच्या मुखातून लिहायला सांगतो. वेठीचे दिवस ज्यांच्या घरी कुणाला तरी ठाऊक आहेत, त्यांना तो झटकन जमतो.

अ‍ॅलिस रॅमसे यांचा उल्लेख केल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. १९०९ साली, बावीसाव्या वर्षी, त्यांनी दोन नणंदा आणि एक मैत्रीण यांच्यासह न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास ५९ दिवसांत केला. चौघींपैकी गाडी चालवता येणाऱ्या त्या एकट्याच. रेडिएटर तापला तेव्हा दात घासायच्या सामानाच्या काचेच्या डब्यांतून खाचरातले पाणी आणून त्यात ओतले. त्यांचे पुस्तक आले थेट १९६१ मध्ये, रस्ते झाल्यावर. म्हणून त्यात तक्रार नाही, गंमत आहे. तोच चिखल पन्नास वर्षांनी निव्वळ आठवण होतो.

१९१९ मध्ये लष्कराने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला ८१ वाहनांचा तांडा पाठवला. त्याला ६२ दिवस लागले, पूल मोडले, वाहने खचली. त्यात असलेले तरुण अधिकारी ड्वाइट आयझेनहॉवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९५६ चा महामार्गांचा कायदा त्यांच्या सहीने झाला. पैशाचा मार्गही १९१९ मध्येच सापडला : ओरेगॉन राज्याने रस्त्यांसाठी पेट्रोलवर कर बसवला. ही कल्पना आपल्याकडेही पोहोचली. बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुण्याच्या जयकर ग्रंथालयात बसून प्रवासवर्णनावर प्रबंध लिहिणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, याची आम्हाला शंका आहे.

अमेरिकेतल्या त्या रस्त्यांवर राबलेले हात मात्र या कोणत्याच पुस्तकात ठळकपणे दिसत नाहीत. जॉर्जियाने १९०८ मध्ये कैदी खाजगी कंत्राटदारांना भाड्याने देणे बंद केले आणि ते रस्त्यावर लावले. दक्षिणेकडच्या बऱ्याच रस्त्यांची खडी साखळदंडातल्या माणसांनी, बहुतांशी कृष्णवर्णीयांनी, फोडली आहे. चांगल्या रस्त्यांच्या पुरस्कर्त्यांपैकी अनेकांना ही सुधारणाच वाटत होती. आणि रस्ता झाल्यावर त्याच समाजातला माणूस स्वतःच्या गाडीने निघाला, तर रात्री निजायला जागा मिळेल की नाही याची त्याला खात्री नसे. म्हणून हार्लेमचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून 'ग्रीन बुक' काढले : गावोगावची हॉटेले, घरे, गॅरेजे, जिथे कृष्णवर्णीय प्रवाशाला नकार मिळणार नाही. त्यात वर्णन जवळजवळ नाही. पोस्टबाईंनीही आपल्या पुस्तकाला नकाशे आणि खर्चाचे तक्ते जोडले आहेत. एम.ए.च्या प्रवासवर्णनाच्या अभ्यासपत्रिकेत हे तक्ते, लुईस यांची आरंभीची प्रकरणे आणि 'ग्रीन बुक'चा एखादा अंक एकत्र लावावेत, अशी आमची सूचना आहे. तिसऱ्याला वाङ्मय म्हणायचे का, असे विद्यार्थी विचारतील. तेव्हा त्यांना आधी तिन्हींतल्या दोन पानांचे मराठी भाषांतर करायला लावावे आणि प्रत्येक 'वी'पाशी थांबवावे.