वाचल्याशिवाय सही नको

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने सॉफ्टवेअरविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मी ज्या प्रश्नाविषयी लिहीत आहे, तो यंत्राचा कमी आणि वाचनाचा अधिक आहे. आणि वाचन हा तर आपलाच प्रांत आहे!

मोठे सॉफ्टवेअर आज कोणी एकट्याने लिहीत नाही. अनेक माणसे एकाच कोडवर काम करतात. प्रत्येक जण आपल्याजवळच्या प्रतीत बदल करतो. तो बदल दुसऱ्या जाणकाराने वाचून तपासायचा, याला कोड रिव्ह्यू म्हणतात. आणि तपासलेला बदल मुख्य प्रतीत मिसळायचा, याला मर्ज म्हणतात. १९७६ साली आय.बी.एम.मधील मायकेल फॅगन यांनी अशा तपासणीची शिस्त सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत माणसे एकत्र बैठकीस बसून कोड वाचीत. २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट हे साधन निर्माण केले आणि पुढे त्याचा सर्वत्र प्रसार झाला. आता तपासणी पडद्यावर होते. जुनी ओळ तांबडी, नवी ओळ हिरवी आणि शेजारी मंजुरीचे बटण!

हे बटण दाबणे फार सोपे झाले आहे, हेच माझे म्हणणे आहे. या व्यवसायात ‘एल.जी.टी.एम.’ अशी चार अक्षरे रूढ आहेत. त्यांचा अर्थ ‘मला ठीक दिसते’. हजार ओळींच्या बदलाखाली मिनिटभरात ही अक्षरे पडली, तर वाचणाऱ्याने काय वाचले असेल? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. कर्जाच्या कागदावर ‘इथे सही करा’ म्हणून कोणी बोट ठेवले की वडील तिथे सही करीत. आत काय लिहिले आहे, हे त्यांना कोणी वाचून दाखविले नाही. त्यांचा नाइलाज होता. परंतु ज्याला वाचता येते, त्यानेही न वाचता सही करावी, हे कसे समर्थनीय ठरेल?

दोष केवळ माणसाचा आहे, असेही मी म्हणणार नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील गुप्त संदेशांसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये तो होता. समोरच्याने सांगितलेली मजकुराची लांबी खरी आहे की नाही, हे कोड पडताळून पाहत नव्हता. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील परकी माहिती बाहेर जाऊ शकत होती. तो बदल दुसऱ्या जाणत्या माणसाने तपासलेला होता, तरीही दोष दोन वर्षे लपून राहिला. म्हणून वाचणाऱ्याला दूषणे देण्यापेक्षा त्याचे वाचन सुकर करणारी साधने हवीत, असे माझे मत आहे.

पहिली सुधारणा फरक दाखविण्याच्या रीतीत हवी. आजची बहुतेक साधने ओळीला ओळ लावून पाहतात. पन्नास ओळी एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवल्या, तर पन्नास ओळी तांबड्या आणि पन्नास हिरव्या दिसतात. त्यांत मध्येच एक अक्षर बदलले असेल, तर ते कोणाच्या दृष्टीस पडणार? हलविलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखविण्याची सोय गिटमध्ये २०१७ पासून आहे. पण ती मागितल्याखेरीज मिळत नाही. अशी सोय आपोआप मिळाली पाहिजे.

दुसरी सुधारणा मर्जमध्ये हवी. समजा, एकाने हिशेबाचा कोड बदलून पैशांऐवजी रुपये घेण्याची व्यवस्था केली. त्याच दिवशी दुसऱ्याने वेगळ्या फाइलमध्ये तोच कोड पैसे देऊन वापरला. दोघांच्या ओळी निराळ्या, म्हणून गिट दोन्ही बदल बिनतक्रार एकत्र करते. ओळी जुळल्या, अर्थ मात्र बिघडला! यासाठी बदल रांगेत उभे करून, मिसळलेल्या प्रतीचीच चाचणी घ्यावी आणि ती उतरली तरच मुख्य प्रतीला हात लावावा. रस्ट भाषेच्या प्रकल्पात ही प्रथा आहे. गिटहबनेही २०२३ साली अशी रांग उपलब्ध केली. ही शिस्त लहान गटांतही रुजली पाहिजे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बदल का केला आणि दुसरा मार्ग का नाकारला, याची चर्चा तपासणीच्या वेळी होते. परंतु ती बहुधा त्या संकेतस्थळावरच राहते, कोडच्या इतिहासात उतरत नाही. उद्या संस्थेने संकेतस्थळ बदलले की कारणे हरवतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात पाठभेद पानाच्या तळाशी नोंदविले आहेत. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी पाठ निवडण्याची तत्त्वे आदिपर्वाच्या प्रस्तावनेत मांडली. नाकारलेला पाठही वाचकापुढे राहतो, म्हणून पुढचा अभ्यासक संपादकाशी वाद घालू शकतो. कोडलाही अशा तळटिपा का नसाव्यात?

कोणी म्हणेल, एवढे वाचत बसले तर काम पुढे कसे सरकणार? हा आक्षेप खोटा नाही. तपासणीसाठी दिवसचे दिवस ताटकळणारा माणूस कंटाळतो आणि मग एकदम मोठाच बदल पाठवितो. उपाय असा की, साधनानेच बदलाचे लहान व क्रमवार तुकडे करण्यास मदत करावी. आणि मोकळ्या जागा, नावांची लेखनपद्धती, कधीच न चालणाऱ्या ओळी हे सारे यंत्राने आधी पाहावे. २०१४ सालीच असे उघडकीस आले की, अ‍ॅपलच्या सुरक्षा-कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा आली होती आणि तिच्यापुढची पडताळणीच वगळली जात होती. असली चूक यंत्राला दाखविता येते. माणसाची नजर अर्थासाठी राखून ठेवावी.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात शेकडो ओळी लिहून देते. लिहिणे स्वस्त झाले, वाचणे मात्र पूर्वीइतकेच महाग राहिले. तपासणीही यंत्राकडे सोपवा, असे आता सुचविले जाते. यंत्राने मदतनीस व्हावे, याला माझी हरकत नाही. परंतु सहीला जबाबदारी चिकटलेली असते आणि जबाबदारी माणसालाच घेता येते.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जातील, काही कचेऱ्यांत, काही शाळांत. प्रत्येकापुढे कोणी ना कोणी कागद किंवा पडदा सरकवील आणि म्हणेल, ‘इथे मंजुरी द्या.’ त्या वेळी ‘आधी वाचू द्या’ एवढे म्हणण्याचे धैर्य आपल्या शिक्षणाने आपल्याला दिले, तर आपल्या आईवडिलांनी भरलेली फी वाया गेली नाही, असे मी समजेन.