सुखाचा अहवाल आणि दुःखाची जबानी

इंडोनेशियाच्या तरुण पिढीच्या मनःस्वास्थ्याविषयी सांप्रत दोन मते प्रचलित आहेत, आणि ती परस्परांच्या इतकी विरुद्ध आहेत की, दोहोंचा विषय एकच देश आणि एकच दशक आहे हे ध्यानात आल्यावर वाचकाने चक्रावून जावे. पहिले मत सुखवाद्यांचे. एप्रिल 2025 मध्ये हार्वर्ड आणि बेलर या अमेरिकन विद्यापीठांच्या विद्वानांनी बावीस देश आणि हाँगकाँग मिळून दोन लाखांहून अधिक माणसांच्या जीवनसमृद्धीची पाहणी प्रसिद्ध केली. तीत इंडोनेशियाचा क्रमांक पहिला व जपानचा शेवटचा लागला, आणि त्यावरून अनेकांनी परस्पर असा निकाल देऊन टाकला की, धर्मश्रद्धा, कुटुंब व शेजारधर्म ज्या समाजात शाबूत आहेत तेथील तरुणांना मानसशास्त्रज्ञाची गरजच काय? दुसरे मत दुःखवाद्यांचे. योग्याकार्ता येथील गाजा मादा विद्यापीठाने क्वीन्सलंड आणि जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठांच्या साहाय्याने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल ऑक्टोबर 2022 मध्ये बाहेर आला. दहा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांपैकी 34.9 टक्के, म्हणजे सुमारे दीड कोटी मुले, वर्षभरात कोणत्या ना कोणत्या मानसिक अस्वास्थ्यातून गेली, असे त्यात नमूद होते. तेवढ्यावरून ही पिढीच आजारी, दुबळी आणि हातची गेलेली, असा गिल्ला सुरू झाला. दोन्ही पक्ष अहवालांचा हवाला मोठ्या आवेशाने देतात. पण अहवालाच्या पहिल्या पानापलीकडे त्यांतील फारच थोडे गेले असावेत, असा संशय घेण्यास भरपूर जागा आहे.

प्रथम सुखवाद्यांची कैफियत तपासू. ज्या पाहणीच्या बळावर ते इंडोनेशियातील मुलांना सुखाची सनद बहाल करतात, ती अठरा वर्षांवरील प्रौढांची आहे. पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीला त्यात कोणी काही विचारलेलेच नाही. आणि सुखाच्या मोजणीचा गजच पाहावा, तर जागतिक आनंद अहवालात माणसाला शून्यापासून दहापर्यंतच्या काल्पनिक शिडीवर आपले आयुष्य कोणत्या पायरीवर आहे एवढेच विचारले जाते, आणि तेथे हाच इंडोनेशिया ऐंशीव्या क्रमांकाच्या आसपास रेंगाळतो. गंमत अशी की, दोन्ही पाहण्यांची आकडेमोड गॅलप नामक एकाच संस्थेच्या यंत्रणेतून येते. पहिल्या पाहणीत आपले नातेसंबंध आपल्याला हवे तितके समाधानकारक आहेत काय, कठीण प्रसंगातही आपण सत्प्रवृत्तीनेच वागतो काय, जीवनाला काही प्रयोजन आहे असे वाटते काय, असे प्रश्न आहेत. शिडीच्या प्रश्नात माणूस बहुधा पगार, घर आणि शेजाऱ्याची मोटार यांचा हिशेब करतो. मग पहिला क्रमांक खोटा काय? मुळीच नाही. दानधर्माच्या आणि स्वयंसेवेच्या जागतिक क्रमवारीत जो देश वर्षानुवर्षे सलग अग्रस्थानी राहिला, तेथील माणूस नातेसंबंधांविषयी समाधान व्यक्त करतो तेव्हा त्याला खोटारडे ठरविण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. आक्षेप आहे तो त्या समाधानापासून निरोगीपणाचा दाखला काढण्याला.

या दाखल्याचा फोलपणा पाहावयाचा असेल, तर 2018 सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय परीक्षेबरोबर पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेली प्रश्नावली पुरेशी आहे. आपण कधीमधी अथवा नेहमी आनंदी असतो, असे इंडोनेशियातील सुमारे 91 टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. जीवनाविषयी समाधानी असलेल्यांचे प्रमाणही तेथे प्रगत राष्ट्रांच्या सरासरीहून किंचित अधिकच भरले. आणि त्याच वर्गांतल्या, त्याच बाकांवरच्या मुलांपैकी 41 टक्क्यांनी असेही लिहून दिले की, शाळासोबती महिन्यातून निदान काही वेळा आपला छळ करतात. प्रगत राष्ट्रांत हेच प्रमाण 23 टक्के होते. छळ सोसणारे मूल आनंदीही असू शकते, आणि आपण आनंदी आहोत असे त्याने सांगितले म्हणून छळ संपत नाही, एवढी साधी गोष्ट ज्यांना आकडे पाहूनही दिसत नाही, त्यांच्या मनात दुसरेच काही घर करून बसलेले असते. ते म्हणजे ‘गरीब पण सुखी’ हे जुने चित्र, ज्याचे मूळ डच अमदानीत सापडते. 1830 नंतर जावातील शेतकऱ्याच्या जमिनीचा पाचवा हिस्सा नीळ, ऊस, कॉफी अशा सरकारी पिकांखाली घेण्याचा हुकूम सुटला आणि प्रत्यक्षात त्याहूनही अधिक जमीन व राबणूक उपटली गेली, तेव्हा युरोपियन लेखक याच शेतकऱ्याला कधी आळशी तर कधी अल्पसंतुष्ट म्हणत. सय्यद हुसेन अलातास यांनी 1977 मध्ये ‘आळशी देशी माणसा’च्या या दंतकथेची चिरफाड केली. अल्पसंतुष्टाच्या दंतकथेला मात्र अद्याप तितका कठोर टीकाकार मिळालेला नाही, आणि आता तर ती संख्याशास्त्राचा पोशाख घालून वावरते.

दुःखवाद्यांकडे वळल्यावर घाई तीच, दिशा तेवढी उलट. गाजा मादाच्या अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले आहेत: अस्वास्थ्याची काही लक्षणे आढळलेली मुले 34.9 टक्के, आणि रोगनिदानाच्या सर्व कसोट्यांना उतरलेली मुले 5.5 टक्के. पहिला आकडा सर्वत्र गाजला. दुसरा तळटीपेच्या वाट्याला आला. शिवाय ही पाहणी 2021 साली, म्हणजे शाळा बंद आणि दारे लावलेली असताना झाली, हे गिल्ला करणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी सांगतो. याच पद्धतीने केनिया आणि व्हिएतनाम येथेही पाहणी झाली, आणि लक्षणे असलेल्या मुलांचे प्रमाण केनियात 44.3 टक्के तर व्हिएतनाममध्ये 21.7 टक्के आढळले. म्हणजे इंडोनेशिया या दोहोंच्या मध्ये बसतो. सर्वांत सुखी देशाच्या सिंहासनावर नाही की सर्वांत रोगी पिढीच्या खाटेवरही नाही.

आकड्यांवर इतका भाबडा विश्वास ठेवणाऱ्यांनी आणखी एक जोडी पाहावी. इंडोनेशियाच्या आरोग्य खात्याने 2018 च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांत विषादाचे प्रमाण 6.1 टक्के नोंदविले आणि 2023 च्या पाहणीत ते 1.4 टक्के नोंदविले. मधल्या पाच वर्षांत तर महासाथ येऊन गेली! देशाचे दुःख अशा काळात चौथा हिस्सा उरले असे मानावयाचे, की प्रश्न विचारण्याच्या रीतीत, विचारणाऱ्याच्या तयारीत आणि उत्तर देणाऱ्याच्या धास्तीत काही फरक पडला असे मानावयाचे, हे वाचकानेच ठरवावे. 2018 साली विषादाबरोबरच मनाच्या सर्वसाधारण अस्वास्थ्याचीही नोंद झाली, तिला वीस प्रश्नांची एक यादी वापरली होती: वारंवार डोके दुखते काय, झोप नीट लागत नाही काय, हात थरथरतात काय, नेहमीपेक्षा अधिक रडू येते काय. सहा किंवा अधिक होकार आले की माणूस अस्वस्थांच्या खात्यात जमा. आता ओसरीवर आजी भाजी निवडीत बसली आहे, मधल्या दारात धाकटा भाऊ उभा आहे, दफ्तर मांडीवर घेतलेला गणक समोर आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलीला विचारले जात आहे की, तुला अधिक रडू येते काय. तिचे ‘नाही’ कोणत्या रकान्यात मांडावे? 1.4 टक्क्यांच्या त्या हिशेबातही एक गोष्ट मात्र झाकून राहिली नाही: सर्व वयोगटांत विषादाचे प्रमाण पंधरा ते चोवीस या गटातच सर्वाधिक होते, आणि त्या गटातील विषादग्रस्तांपैकी उपचार घेणारे दहांत जेमतेम एक.

दुःखवाद्यांतच एक पोटपंथ आहे, तो म्हणतो की मुलांची दुःखे खरी, परंतु दोष त्यांच्या मऊ कण्याचा. रेनाल्ड कासाली या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी 2017 मध्ये ‘स्ट्रॉबेरी जनरेशन’ या नावाचे पुस्तक लिहिल्यापासून हे फळ तेथील प्रत्येक वडीलधाऱ्याच्या तोंडी बसले आहे: दिसायला मोहक, दाबले की चेचणारे. लेखकाच्या मनात शिक्षणपद्धतीविषयी काही चांगल्या सूचना असतीलही. पण लोकांनी उचलली ती शिवीच. या आरोपाला एकच उत्तर पुरेसे आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारी काटकसरीविरुद्ध ‘अंधारलेला इंडोनेशिया’ अशी घोषणा देत रस्त्यावर उतरलेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टात लोकप्रतिनिधींच्या दरमहा पाच कोटी रुपियांच्या घरभाड्याच्या भत्त्याविरुद्ध अश्रुधूर सोसत उभे राहिलेले विद्यार्थी याच पिढीचे होते. कणा मऊ असलेल्यांची ही वर्तणूक म्हणावयाची, तर मग कडक कणा कशाला म्हणतात ते आरोपकर्त्यांनी दाखवून द्यावे.

तिसरा पक्ष विद्वानांचा असल्यामुळे अधिक आदराने, पण तितक्याच स्पष्टपणे त्याची दखल घेतली पाहिजे. हेनरिक प्रभृती संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिले की, मानसशास्त्राचे बहुतेक सिद्धांत पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजांतील थोड्या लोकांवर, त्यातही बव्हंशी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, प्रयोग करून बेतलेले आहेत. आणि तेव्हापासून परकी प्रश्नावली सरसकट फेटाळण्याला एक पांडित्यपूर्ण सबब मिळाली. सबब अर्धी खरी आहे म्हणूनच अधिक घातक. मनोरुग्णाला लाकडी खोड्यात अथवा साखळीत जखडून ठेवण्याच्या ‘पासुंग’ या प्रथेला इंडोनेशियात 1977 साली बंदी झाली, तरी पुढे दशकानुदशके हजारो माणसे खेडोपाडी जखडलेली सापडत राहिली. ‘आमचे आम्ही पाहून घेऊ’ हेच तेथेही कुटुंबांचे उत्तर होते. मोजायचेच नाही असे ठरविले म्हणजे जखडलेला माणूस आपोआप अदृश्य होतो.

परके फेकून द्या म्हणणाऱ्यांना स्वकीय तरी ठाऊक आहे काय? योग्याकार्ताच्या सातव्या हमेंग्कुबुवोनो सुलतानाचे पुत्र सूर्योमेन्ताराम (1892–1962) राजवाडा सोडून सामान्य माणसांत राहिले, पुढे सालातिगाजवळच्या खेड्यात शेती करू लागले, आणि मनाचे जे शास्त्र त्यांनी जावाच्या भाषेत, ग्रंथांपेक्षा अधिक संभाषणांतून मांडले, त्याचा गाभा असा की, इच्छा पुरविली की ताणते आणि अडविली की आकसते, म्हणून सुखही टिकत नाही आणि दुःखही टिकत नाही. आणि या बाबतीत राजा व मजूर यांत भेद नाही. सुखाचा आकडा आणि दुःखाचा आकडा एकाच माणसाच्या खात्यावर एकाच वेळी का पडू शकतो, याचे याहून नेमके स्पष्टीकरण मला हार्वर्डच्या पानांत आढळले नाही. त्यांची पद्धत म्हणजे आपल्याच मनाची उलटतपासणी, पण ती चारचौघांत, बोलत बोलत. आजच्या संशोधकाने तेथून काही घ्यावयाचे असेल तर ही पद्धत घ्यावी. आपल्याकडे घडते त्याप्रमाणे पूर्वजांचा फोटो भिंतीला लावून उदबत्ती ओवाळण्याचे काम तेथेही पुष्कळ चालते.

आता माझा पक्ष. माझे म्हणणे असे की, त्या तरुणांना सावरून धरणारी आणि त्यांचे तोंड बांधणारी गोष्ट एकच आहे, व ती म्हणजे दाट नातेसंबंध. हिल्ड्रेड गीर्ट्झ यांनी 1961 मध्ये जावातील कुटुंबावर लिहिलेल्या ग्रंथात दाखविले आहे की, लहानपणापासून मुलाला वडिलांपुढे संकोचाने वागण्याचे आणि घरातील सलोखा आपल्यामुळे न बिघडू देण्याचे शिक्षण कसे मिळते. ज्याला हे शिक्षण मिळाले, त्याला घर खरोखरच ऊब देते. म्हणूनच तो नातेसंबंधांना दहापैकी नऊ गुण देतो. आणि म्हणूनच रात्री झोप लागत नाही हे तो आईला सांगत नाही. गाजा मादाच्या पाहणीत आपल्या मुलाला मदतीची गरज आहे असे पालकांपैकी केवळ 4.3 टक्क्यांना वाटले, आणि वर्षभरात कोणत्याही समुपदेशनाच्या दारापर्यंत पोहोचलेली मुले 2.6 टक्के निघाली. माझ्या दृष्टीने 34.9 पेक्षा हे दोन आकडे अधिक बोलके आहेत. पालक निष्ठुर आहेत असे कोणी म्हणू नये. त्यांना जे दाखविण्यात येते तेच ते पाहतात.

वर्तनाच्या प्रश्नातही हाच धागा सापडतो. जाकार्तातील शाळाशाळांमधील टोळीयुद्धे, ज्यांना तेथे ‘तावुरान’ म्हणतात, ती वृत्तपत्रांत रानटीपणा म्हणून छापून येतात. जवळून पाहिले तर टोळी बहुधा एकाच मार्गाच्या बसने घरी जाणाऱ्या मुलांची असते. बसचा मार्ग हेच तिचे नाव आणि निशाण, वरच्या वर्गातील मुलगा हा तिचा वडीलधारा, आणि त्याचा हुकूम मोडणे म्हणजे घरातील ज्येष्ठाचा अवमान करण्यासारखेच. मुलगा तेथे बंड करावयास जात नाही. घरात शिकलेली आज्ञाधारकताच तो हातात पट्टा घेऊन पाळतो. सिगारेटचेही तेच. 2019 च्या पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी 19.2 टक्के तंबाखू ओढणारे आढळले, आणि ज्या समाजात पाहुण्यापुढे लवंगी सिगारेट ठेवणे हा बैठकीचा शिष्टाचार, तेथे मुलग्याला ती पुरुषांच्या पंक्तीत बसण्याचे पान वाटते. अशा मुलाला ‘वर्तनदोष’ असा शिक्का मारून दप्तरी दाखल करणारा मानसशास्त्रज्ञ त्याच्या टोळीइतकाच त्याला अनोळखी राहतो.

यावर उपाय काय, असे विचारणाऱ्याला स्लेमान जिल्ह्याकडे बोट दाखवावे लागेल. योग्याकार्तालगतच्या या जिल्ह्यात गाजा मादा विद्यापीठाच्या पुढाकाराने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्रज्ञ नेमण्याची तजवीज झाली. पोट दुखते म्हणून आलेला मुलगा इतर रोग्यांच्या रांगेतून येतो, केसपेपर काढतो, आणि वैद्याने सांगितले तर शेजारच्या खोलीत जातो. घरी त्याने पोटदुखीच सांगितलेली असते आणि ती खोटीही नसते. अठ्ठावीस कोटींच्या देशात मनोविकारतज्ज्ञ हजाराच्या आसपास असता याहून व्यवहार्य मार्ग मला दिसत नाही. यातील अडचण पैशाची आहे आणि अधिकाराचीही: मानसिक आरोग्याचा 2014 चा स्वतंत्र कायदा 2023 च्या सर्वसमावेशक आरोग्य कायद्याने रद्द केला, त्यातील तरतुदी नव्या कायद्याच्या मोठ्या पोटात जिरल्या, आणि एखाद्या दूरच्या बेटावरील आरोग्य केंद्रात ती शेजारची खोली असावी की नसावी, हे पुष्कळसे त्या जिल्ह्याचा अर्थसंकल्प बनविणाऱ्या कारभाऱ्यांवर सोपविले गेले. त्यांच्यापुढे पहिला क्रमांक मिळाल्याचे कात्रण ठेवले, तर खोली मंजूर होणार नाही; पिढी वाया गेल्याचे कात्रण ठेवले, तर खोलीऐवजी शिस्तीचे शिबिर मंजूर होईल. दोन्ही कात्रणे बाजूस सारून 4.3 आणि 2.6 हे आकडे त्यांच्या मसुद्याच्या पहिल्या पानावर चढविणे, एवढे काम तेथील संशोधकांकडे आज बाकी आहे.