आधी जिताडा वाचा, मग गळ टाका

वसई-विरारमध्ये रविवारी सकाळी जेट्टीवर, पुलाखाली, खाडीच्या बांधावर माझ्या वयाची पोरं महागड्या काठ्या घेऊन उभी असतात. बरीचशी आयटीतली. मीही त्यांच्यातलाच एक. त्यातले काहीजण आता फ्लाय फिशिंगकडे वळलेत, याचा मला आनंदच आहे. राग आहे तो एका वाक्याचा. कुठे खाजणात भराव पडला, कुठे बावखल बुजलं, अशी बातमी मासेमारीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली की तासाभरात उत्तर येतं : "भाई, हा फक्त छंद आहे. इथे राजकारण नको."

बाकी कुठल्याही छंदाच्या बाबतीत हे चालून जाईल. फ्लाय फिशिंगच्या बाबतीत चालत नाही, कारण या छंदाचा अर्धा भाग काठी आहे आणि अर्धा भाग पाणी समजून घेणं. ज्याने पाणी समजून घेतलंय त्याला "फक्त छंद" म्हणताच येणार नाही.

आधी काठीचा भाग उरकतो. साध्या गळात आमिषाला वजन असतं, ते दोरी ओढत नेतं. फ्लायला, म्हणजे पिसं-धागे बांधून केलेल्या खोट्या किड्याला, वजनच नसतं. म्हणून इथे दोरीच जाड आणि जड असते. काठी तिला वाकून ऊर्जा देते, हवेत तिचा वळसा उलगडत जातो आणि टोकाचा किडा पाण्यावर अलगद उतरतो. यूट्यूबवरचे नव्वद टक्के व्हिडिओ इथेच संपतात. त्यांच्या पुढच्या दहा टक्क्यांत खरा विषय आहे : मासा काय खातो, कधी खातो, त्याला तुम्ही कसे दिसता. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. प्रकाशाच्या वक्रीभवनाचं हे गणित आपण बारावीत मार्कांसाठी केलेलं असतं. बांधावर ताठ उभा राहणारा त्या खिडकीत लवकर येतो, वाकून बसणारा उशिरा. कोळ्याची पोरं हे न शिकवता करतात.

'मॅच द हॅच' हा या खेळाचा मंत्र आहे. अर्नेस्ट श्वीबर्ट या अमेरिकन गळकऱ्याच्या १९५५च्या पुस्तकानंतर तो जगभर गेला. अर्थ साधा : त्या दिवशी, त्या पाण्यातून जे किडे बाहेर पडतायत तसाच किडा बांधा. आता हा मंत्र अमेरिकेतल्या थंड नदीतून उचलून वसईच्या खाडीत जसाच्या तसा टाकला तर काय होईल? काहीच होणार नाही. आमच्या गढूळ, खारट, दिवसातून दोनदा भरणाऱ्या-ओसरणाऱ्या पाण्यात मोठ्या माशाचं जेवण म्हणजे माश्या नव्हेत. ते म्हणजे कोळंबी आणि बोयटाची पिल्लं, आणि त्यांचं वेळापत्रक ओहोटी ठरवते. पाणी उतरायला लागलं की तिवरांच्या मुळांतून, खाजणाच्या बारीक ओहोळांतून ही पिल्लं मुख्य खाडीत ढकलली जातात. ओहोळाच्या तोंडाशी जिताडा दबा धरून असतो. ऑस्ट्रेलियात त्यालाच बॅरामंडी म्हणतात आणि तो फ्लायवर धरायला जगभरातून लोक विमानाने जातात. आपल्याकडे तो लोकल ट्रेनच्या अंतरावर आहे.

ओहोटी कधी, हे कळायला ॲप लागत नाही. जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि रात्रीही. हे मी इंजिनिअरच्या खोडीने तपासलं. भरती एका चांद्रमासात चोवीस तास मागे सरकते आणि चांद्रमासात तीस तिथ्या असतात, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. कोळ्यांचा हिशोब ४५ धरतो. पंधरा तिथ्यांत पाऊण तासाची चूक, बोटांवर करता येण्याजोग्या गणितासाठी मला तरी ती मान्य आहे. खाडीत आत जाल तशी वेळ आणखी पुढे जाते, तेवढं नाखवा तोंडाने सांगतो.

आता जिताड्याचं आयुष्य, कारण वाद त्याच्याच पोटात आहे. बहुतेक जिताडे आधी नर असतात. काही वर्षं नर म्हणून काढल्यावर, साधारण सहा-आठ वर्षांचे झाले की मादी होतात. म्हणजे फोटोसाठी छातीशी धरलेला तो अवाढव्य मासा जवळजवळ नक्की मादी असतो, आणि तिच्या एका हंगामातली अंडी कोटींच्या घरात जातात. क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बॅरामंडी ठेवता येत नाही. अंडी घालायला त्यांना खाडीच्या मुखाचं खारं पाणी लागतं, हंगाम पावसाचा. पिल्लं मात्र उधाणावर स्वार होऊन आत येतात : खाजणं, तिवरांतली डबकी, मिठागरांच्या कडेचं उथळ पाणी. तिथे ती मोठी होतात, काही पुढे गोड्या पाण्यात चढतात. क्वीन्सलँडच्याच फिट्झरॉय नदीत संशोधकांनी बॅरामंडीच्या कानातल्या हाडाची वर्तुळं मोजून वयं काढली. ज्या वर्षी नदीतून गोडं पाणी जास्त आलं, त्या वर्षीची पिढी मोठी निघाली.

हे वाचल्यावर वसईचा नकाशा उघडा. दक्षिणेला उल्हासचं मुख, उत्तरेला अर्नाळ्यापाशी वैतरणेचं, मधे मिठागरं आणि खाजणं. वैतरणा आणि तिला मिळणाऱ्या तानसेचं पाणी १८९२पासून एकेका धरणाने मुंबईच्या नळाला जोडत नेलं. ते पाणी मुंबईला द्यायचं नाही असं मी म्हणत नाही. मलाही आंघोळ लागते. पण वरून गोडं पाणी कमी आणि खालून पाळणाघर भरावाखाली, अशी दोन्हीकडून कात्री लागली की जिताडा उरणार कुठे? माणसांचीही तीच कात्री आहे. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल थांबल्या, तेव्हा सगळ्यांना अचानक मिठागरं आठवली. पाण्याला थांबायला जी जागा लागते, तीच पिल्लांना वाढायला लागते. आणि हे विषय वेगवेगळे आहेत म्हणे.

दुसरं ठरलेलं उत्तर : "आम्ही पकडून सोडतो. नासधूस कोळी करतात, त्यांची जाळी बघा." डोलीत बारीक पिल्लं जातात, हे खरं आहे आणि त्यावर वाद व्हायला हवा. पण जूनच्या पहिल्यापासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटी बंद ठेवून पोटाला चिमटा कोळीच काढतो. त्याच दोन महिन्यांत, जिताड्याच्या ऐन विणीत, आम्ही रेनकोट घालून बांधावर उभे असतो, आणि आम्हाला कुणी हटकत नाही. सोडण्याचंही एक विज्ञान आहे. १५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात, खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. मोंटाना राज्यात उन्हाळ्यात नद्या तापल्या की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत काही पट्ट्यांत गळच बंद करतात, कारण दमवलेला मासा सोडला तरी मरतो. ट्राउट आणि जिताडा यांच्या सहनशक्तीत फरक आहे, मान्य. पण तापलेल्या खाडीतून मासा वर काढून दोन मिनिटं सेल्फी घेणाऱ्याने 'सोडतो' या शब्दाचं कौतुक जरा कमी करावं.

मरळीचं तर विचारूच नका. वसईच्या पश्चिम पट्ट्यात घरामागे, वाडीत जी तळी आहेत, ज्यांना आपण बावखल म्हणतो आणि ज्यांच्यामुळे विहिरींचं पाणी गोडं राहतं, तिथे मरळ पिल्लांचा तांबडा पुंजका घेऊन फिरते. नर-मादी दोघं राखण करतात. त्या पुंजक्यात रबरी बेडूक टाकला की आई-बाप हल्ला करतात आणि अडकतात. हमखास यश. सोडलं तरी मधल्या वेळात पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात. याला कौशल्य म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, त्यांच्याबरोबर गळ टाकायला जाणार नाही एवढंच.

छंदवाल्यांनी काही केलंच नाही असंही नाही. कावेरीकाठच्या गालिबोरे शिबिरात गळवाल्यांनी १९९८ ते २०१२ या काळात धरलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या वह्यांवरून संशोधकांना दिसलं की कावेरीचा मूळचा पाठीवर कुबड असलेला महसीर जवळपास नाहीसा होत गेला आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढत गेला. तो निळ्या परांचा मासा आपला, पुण्याच्या मुळा-मुठेतून १८३९मध्ये शास्त्राला माहीत झालेला, आणि त्याची पिल्लं लोणावळ्याच्या केंद्रातून देशभर चांगल्या हेतूनेच गेली. कुबडवाला महसीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. हे कळलं ते गळवाल्यांच्या वह्यांमुळे.

आपल्याकडे वह्या नाहीत, रील आहेत. रीलवर मासा दिसतो. तिथी, ओहोटीचा तास, पाण्याचं तापमान, लांबी, ओहोळाचं नाव यातलं काही दिसत नाही. आम्ही दिवसभर लॉग वाचून पोट भरणारी माणसं. सर्व्हर पडला तर कुठल्या मिनिटाला पडला ते सांगतो, आणि उमेळ्याच्या खाजणात तीन वर्षांत किती जिताडे मिळाले ते कुणालाच सांगता येत नाही. उद्या त्या खाजणावर भरावाचा प्रस्ताव आला आणि हरकती मागवल्या गेल्या, तर "इथे मासे होते" एवढंच म्हणणार का आपण? तक्ता बनवायला एक संध्याकाळ लागते. ग्रुपवर राजकारण नको असेल तर निदान तो तरी टाका. पहिल्या दहा ओळी मी भरून ठेवतो, सगळ्या ऑगस्टनंतरच्या.